चर्चच्या कमिटीने सोलर आणि पाणी अडवण्याच्या कामासाठी पैसा कसा उभारावा?

तुमच्या पॅरिशला (म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामाला) हॉलवर सोलर बसवायचंय, पावसाचं पाणी अडवायचंय, खर्च साडेबारा लाखांच्या घरात जातोय. एक देणगीदार सगळी रक्कम एकट्याने द्यायला तयार आहे, पण त्याच पैशात आवाराला पेव्हर ब्लॉक आणि दारात नावाची पाटी हवी म्हणतोय. देणगी घ्यावी, कर्ज काढावं की घरोघर वर्गणी काढावी, असं तुम्ही विचारलंय.

ही देणगी घेऊ नका. मी सहा वर्षं वसईतल्या एका पॅरिशच्या फायनान्स कमिटीवर होतो आणि अगदी अशाच एका ठरावावर माझी सही आहे.

आमच्या देवळामागे (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) सिमेटरीच्या भिंतीला लागून एक बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांनी वाडीत हाताने खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात तुडुंब भरायचं, पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत गोड राहायच्या. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून केळीच्या बुंध्याशी टाकायचे. आमच्या बावखलाच्या काठावर एक उंबर होता, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की आम्ही त्याच्या मुळांवर बसून मासे बघायचो.

2014 साली हॉलला लग्नं वाढली आणि गाड्या लावायला जागा पुरेना. एका भल्या माणसाने पैसे देऊ केले. (भला म्हणतोय ते मनापासून, त्याच्या श्रद्धेबद्दल मला कधीच शंका नव्हती.) अट एवढीच की बावखल बुजवून सगळं आवार पेव्हरचं करायचं आणि दर्शनी भिंतीवर आईवडिलांच्या नावाची पाटी लावायची. मीटिंगमध्ये मी दबक्या आवाजात म्हटलं, पाण्याचं काय? कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ, माझ्या वडिलांचे मित्र, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, ते म्हणाले, "पाण्याचं काम महापालिकेचं. आपलं काम देवळाचं. आणि देणाऱ्याचा हात धरायचा नसतो." बारा जणांत अकरा हात वर गेले, मग बारावा माझाही गेला. मतभेद नोंदवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. चार दिवस डंपर येत होते. उंबर दुसऱ्या दिवशी सकाळीच पाडला.

पुढच्याच वर्षी, 2015 च्या जूनमध्ये, पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं. धरती हे आपलं सगळ्यांचं घर आहे, पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे त्यावर अभ्यासवर्ग झाले. मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचो.

मग 2018 चा जुलै आला. त्या पावसात वसई कशी बुडाली होती हे इथल्या कुणालाच सांगायला नको. आमच्या आवारात मुरायला इंचभर माती उरली नव्हती, पाणी थेट देवळात शिरलं आणि वेदीच्या पहिल्या पायरीला लागलं. दारातल्या शेवटच्या बाकाचं लाकूड फुगून फुटलं, ते अजून तसंच आहे. पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. दाराशी दगडी भांड्यात आशीर्वादित पाणी असतं ना, ते आमच्याकडे देवळाच्या विहिरीचंच भरतात. पुढच्या उन्हाळ्यात ते आटलं की भांड्याच्या काठावर पांढरी कड दिसायला लागली. माझ्या आईने एका रविवारी त्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "मचूळ झालंय रे पाणी." त्याच विहिरीचं पाणी तिने माझ्या बाप्तिस्म्याला वापरलेलं पाहिलं होतं.

वसईची जमीन आणि पाणी वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीत फादर दिब्रिटोंच्या मागे रस्त्यावर उतरलेली माणसं आमच्याच गावची. वाड्यांतल्या विहिरी उपसून टँकर भरणाऱ्यांविरुद्ध माझे वडील मोर्चात गेले होते. त्यांच्या मुलाने बावखल बुजवायच्या ठरावावर सही केली, हे मला आजही सहन होत नाही.

2019 मध्ये नव्या फादरांनी विषय परत काढला. या वेळी मी उभं राहून बोललो, मोठ्याने बोललो. बावखल परत आणता येणार नव्हतं, तिथे आता हॉलचा वाढीव भाग आहे. पण निम्म्या आवाराचे ब्लॉक उखडले, तिथे माती आणि झाडं आली. छपराला पन्हळ लावून पाणी दगड, वाळू आणि कोळशाच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर 300 चौरस मीटर. वसईत पावसाळ्यात 2000 मिलिमीटर तर पडतोच. वाहून गेलेलं, उडालेलं सोडून दिलं तरी पावणेपाच लाख लिटर विहिरीत उतरतं. तिसऱ्या उन्हाळ्यात भांड्याच्या काठावरची कड नाहीशी झाली.

आता पैशाचं. आम्ही एकाही माणसाकडून बाराशे रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असं ठरवलं. घरटी महिन्याला शंभर, वर्षभर. वाडीवार दोघं-दोघं जण फिरायचे, एक पुरुष, एक बाई, पावती जागेवर. चारशे घरांनी नेमाने दिले, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. उरलेलं सणाच्या दिवशी महिला मंडळाच्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर जमलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्चाचा कागद नोटीस बोर्डावर, आणि ज्याला बिलं बघायची असतील त्याने रविवारच्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) ऑफिसात यावं. याने जे झालं ते मोठ्या चेकने कधीच होत नाही. पोरं पन्हळीतली पानं काढायला आपणहून यायला लागली, कारण ती पन्हळ त्यांच्या शंभर रुपयांची होती. वसईच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही खरं तर. 1918 साली इथल्या कॅथलिकांनी लहान लहान रकमांवरच आपली पतसंस्था उभी केली, तिचीच पुढे मोठी बँक झाली.

मोठी देणगी मुळीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. बिनशर्त असेल तर घ्या. पण अट असेल तर हे लक्षात ठेवा: कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, 1267 व्या कलमानुसार ज्या कारणासाठी देणगी मिळाली, त्याच कारणासाठी ती वापरावी लागते. पेव्हरसाठी घेतलेला पैसा उद्या सोलरला वळवू म्हणाल तर तसं करता येणार नाही. आणि हिशोब लोकांपुढे मांडणं ही मेहेरबानी नव्हे, तेही संहितेतच सांगितलंय.

कर्ज शक्यतो नको. ट्रस्टला कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, बिशप हाउसची लागते ती वेगळीच. तोवर दोन पावसाळे जातील.

परदेशातल्या नातेवाइकांकडून घेणार असाल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर अडचण नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो. त्याला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा करावा लागतो.

सोलरबद्दल मला कमी कळतं. एवढं सांगतो की घरांसाठीची सूर्यघर सबसिडी चर्चला मिळत नाही. एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरा, आणि नेट मीटरिंगशिवाय (दिवसा जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेणं) हात घालू नका, कारण आपली वीज मुख्यतः संध्याकाळी आणि रविवारी लागते. माझं मत विचाराल तर आधी पाणी करा, सोलर पुढच्या वर्षी.

काका अजून म्हणतात की हॉलचं भाडं त्या पार्किंगमुळेच येतं आणि त्यातून देवळाचा रंग होतो. खरं आहे, येतं. पण काका, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, त्या भाड्यातूनच आपण दोन उन्हाळे टँकर मागवले. ती बिलं मी जपून ठेवली आहेत.

आणि हो, आमची विहीर खारी व्हायला एकटं ते बावखल कारण नव्हतं. समुद्र जवळ आहे, उपसा प्रचंड आहे, शेजारच्या वाड्यांतली बावखलंही बुजली. तुमची जमीन मुरमाड किंवा खडकाळ असेल तर विहिरीत पाणी सोडण्याआधी भूजल जाणणाऱ्या माणसाला दाखवा. फादरांना विश्वासात घेऊन चाला, कौन्सिलचा अधिकार सल्ल्यापुरताच असतो, शेवटची सही त्यांची. आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्या, छपरावर वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. त्यासाठी पाइपला वेगळा व्हॉल्व्ह आताच मागून घ्या, नंतर बसवायला आम्हाला पन्हळ परत उतरवावी लागली होती.