पायथनने मेसेजपॅकमध्ये लिहिलेला डेटा जावा आणि नोडमध्ये वाचता येईल का? (सियागंजातल्या आमच्या गोदामाच्या पावत्या)

हो, वाचता येईल, कारण मेसेजपॅकमध्ये (डेटा आटोपशीर बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) प्रत्येक मूल्याच्या आधी त्याचा प्रकार आणि गरजेप्रमाणे लांबी लिहिलेली असते, आणि ती मांडणी कुठल्याही भाषेत तीच राहते. मी इथेच, इंदूरमध्ये, पायथन आणि जावा दोन्हीकडचं काम बघतो; अडचण येते ती बहुतेक या दोन ठिकाणी:

- मजकूर: लांबी अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजतात. 'सियागंज' म्हणजे यूटीएफ-८चे (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) २१ बाइट, वर प्रकार आणि लांबी सांगणाऱ्या शीर्षाचा १. मजकूर आणि कच्चे बाइट हे प्रकार २०१३मध्ये वेगळे झाले. त्याआधीच्या पद्धतीची लायब्ररी एका टोकाला असेल तर ग्राहकाच्या नावाऐवजी नुसते बाइट हाती येतात. म्हणून दोन्हीकडे नवी आवृत्तीच ठेवा.
- मोठे पूर्णांक: जावाचा ६४ बिटांचा आकडा नोडच्या (म्हणजे जावास्क्रिप्टच्या) साध्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९१पर्यंतच बिनचूक राहतो. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात, एररही येत नाही. लांबलचक पावती क्रमांक सरळ मजकूर म्हणून पाठवा.

मात्र मेसेजपॅकला स्कीमा, म्हणजे कोणती फील्ड कोणत्या प्रकारची याचा ठरलेला आराखडा, नसतो. एकाने 'रक्कम' या फील्डचं नाव बदलून 'एकूण' केलं तर लायब्ररी हटकणार नाही. तीन वेगळ्या टीम असतील तर मी प्रोटोबफच (स्कीमा आधी लिहून घेणारी अशीच पद्धत) घ्या म्हणेन: त्यात नावाऐवजी फील्डचा क्रमांक जातो, फक्त काढून टाकलेला क्रमांक पुन्हा वापरू नका.