‘ती तर आमच्या घरचीच’ : आयरिश मोलकरणी आणि अमेरिकेतील धनिक कुटुंबे

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात अमेरिकेत गेलेली एक आयरिश मुलगी आणि ती ज्या श्रीमंत घरात कामाला राहिली ते कुटुंब, यांची तीन पिढ्यांची गुंतलेली कथा वाचली गेली. काही ज्येष्ठ सभासदांना ती आपल्या गोव्यातील भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांची आठवण करून देणारी वाटली, तर इतरांना ही तुलना पटली नाही. अशी नाती खरोखर होती का? आमच्या भागातील अशाच आठवणी नोंदवायच्या झाल्यास कोणते प्रश्न विचारावेत?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : अशी नाती निश्चितच होती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने सलग काही वर्षे बुडाले आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी दगावली; तेवढ्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. दुष्काळ सरल्यावरही हा ओघ आटला नाही. जमिनीचे आणखी तुकडे पडू नयेत म्हणून शेत एका मुलाच्या नावे राहू लागले आणि हुंडा बहुधा एकाच मुलीला मिळू लागला. उरलेल्या मुलींना गावात ना जमीन होती, ना लग्नाची आशा. म्हणूनच इतर देशांतून बहुतांशी पुरुष किंवा संपूर्ण कुटुंबे अमेरिकेला जात असताना आयर्लंडमधून अविवाहित तरुण मुली मोठ्या संख्येने गेल्या, आणि न्यूयॉर्क-बोस्टनच्या सधन घरांतील स्वयंपाक, धुणेभांडी व मुलांचा सांभाळ ही कामे मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडे आली.

या मुली मालकाच्याच घरात राहत. झोपायला माळ्यावरची खोली, ये-जा करायला मागचा जिना, आणि सुट्टी म्हणजे आठवड्यातील एखादी दुपार व आलटून पालटून येणारा रविवार. मालक प्रॉटेस्टंट आणि या कॅथलिक, त्यामुळे संशयही असे. ‘आयरिश नको’ असे स्पष्ट लिहिलेल्या जाहिराती त्या काळच्या वृत्तपत्रांत सापडतात. तरीही बाळाला निजवणारे, आजाऱ्याच्या उशाशी जागणारे आणि घरातील भांडणे ऐकून गप्प राहणारे माणूस तेच होते.

अ‍ॅमहर्स्ट गावातील डिकिन्सन कुटुंबाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. वडील नामांकित वकील, थोरली मुलगी एमिली कवयित्री. टिपरेरी परगण्यातून आलेली मार्गारेट माहर १८६९ मध्ये त्या घरी कामाला लागली आणि सुमारे तीस वर्षे राहिली. एमिलीने आपल्या कविता या मोलकरणीच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, आणि १८८६ मध्ये एमिली वारली तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे घरच्या कामावरील सहा आयरिश माणसांनी तिची शवपेटी खांद्यावर घेतली. तिने हा मान त्यांना दिला, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

मात्र याच जवळिकीची दुसरी बाजू मेरी मॅलनच्या आयुष्यात दिसते. टायरोन परगण्यातील ही बाई धनिकांकडे स्वयंपाकीण होती. १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथे एका बँकरने भाड्याने घेतलेल्या घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला, आणि तपासाअंती तिच्याकडे बोट गेले. ती स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात रोगजंतू होते. १९०७ मध्ये तिला एका बेटावर एकांतात ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये सुटल्यावर ती नाव बदलून त्याच कामावर परतली, कारण तेवढा पगार देणारे दुसरे काम तिला मिळत नव्हते. १९१५ मध्ये ती पुन्हा पकडली गेली आणि १९३८ मध्ये त्याच बेटावर वारली. जिच्या हातचे अन्न सर्वांना चालत होते, तिच्या पोटापाण्याची कायमची सोय लावणे मात्र कोणालाही आपले कर्तव्य वाटले नाही.

आता तुलनेकडे वळू. ‘ती तर आमच्या घरचीच’ हे वाक्य बोस्टनच्या हवेलीत आणि गोव्यातील भाटकाराच्या वाड्यात सारख्याच जिव्हाळ्याने उच्चारले गेले असेल. पण ते कितपत खरे होते हे ठरवताना मी एकच कसोटी लावतो : नाते तुटले तर कोणाचे काय जात होते? आयरिश मुलीला राहणे-जेवणे मालकाकडे असल्याने तिचा पगार रोख शिल्लक पडे. त्यातून ती घरी पैसे पाठवी, धाकट्या बहिणीचे बोटीचे तिकीट काढी, १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांसाठी निघालेल्या बचत बँकेत खाते उघडी. शिवाय मोलकरणींना मागणी इतकी होती की मालकीण जाच करू लागली तर ती दुसरे घर पाहू शके. मुंडकाराचे घरच भाटकाराच्या जमिनीवर उभे होते. बोलणे बिनसले तर त्याची नोकरी नव्हे, डोक्यावरचे छप्पर जात असे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने घराला अभय आणि ते विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा कुठे ही भीती सरू लागली. त्यामुळे आपल्या ज्येष्ठ सभासदांना जाणवलेला ओलावा खरा असला, तरी दोन्ही नाती एकाच मापाची नाहीत. आयरिश मुलींशी खरे साम्य शोधायचे तर मुंबईला जाऊन बटलर, आया किंवा स्वयंपाकी झालेल्या आणि दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात धोबीतलावच्या परिसरातील आपल्या गावच्या कुडीत (गावकऱ्यांच्या सामायिक निवासात) आसरा घेणाऱ्या गोवेकरांत ते अधिक सापडेल.

आठवणी गोळा करताना प्रेमाचे किस्से जरूर लिहून घ्यावेत, परंतु मोबदला रोख मिळे की भाताच्या मापाने, सणावारी पान कुठे मांडले जाई, आजारपणात खर्च कोण करी, मुलांच्या शाळेविषयी वाड्यावर काय बोलले जाई, आणि कायदा आल्यावर बोलणे-चालणे कसे बदलले, हेही विचारावे. सुरुवात मुंडकारांच्या घरांपासून केलेली बरी, कारण वाड्यावरची कागदपत्रे पुढेही पाहता येतील, पण मुंडकारांकडील पुष्कळसे कोठेही लिहिलेले नाही आणि ते सांगणारी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत.