प्रतिकारशक्ती 'कमी होते' म्हणायचं की अजून काही?

नाशिकरोडच्या एका काकांनी विचारलंय, ज्येष्ठ मंडळींच्या फलकावर 'वयोमानानुसार प्रतिकारशक्ती कमी होते' असं लिहिलं तर चालेल का, आणि वयानुसार प्रतिकारशक्तीत होणाऱ्या या बदलांना डॉक्टर इम्युनोसेनेसन्स म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं.

काका, वाक्यात चूक काही नाही पण मला ते पुरतं पटत नाही, कारण 'कमी होते' म्हटलं की सगळंच सारखं घटत जातं असं वाटतं आणि तसं होत नाही ना. टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, जिथे घडतात त्या थायमस ग्रंथीला मराठीत 'यौवनलोपी' ग्रंथी म्हणतात, किती नेमका शब्द आहे बघा! वयात आल्यावर ती आक्रसत जाते, तिथे चरबी भरते, मग नव्या कोऱ्या टी पेशी फार येत नाहीत आणि जुन्या दुखण्यांची ओळख ठेवणाऱ्या पेशींचीच गर्दी होते. त्यातल्या बऱ्याच पेशींवर सीडी 28 हा रेणू उरलेला नसतो. टी पेशीला कामाला लागायला दोन निरोप लागतात, एक जंतूचा तुकडा ओळखल्याचा आणि दुसरा या रेणूमार्फत येणारा, आता तो दुसरा आलाच नाही तर पेशी असूनही नीट जागी होत नाही. याला नुसतं कमी कसं म्हणायचं?

उलट आयएल-6 सारखी दाह वाढवणारी रसायनं रक्तात कायम थोडी चढीच राहतात. इटलीचे संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली याला इन्फ्लेमेजिंग नाव दिलं. मी 'धुमसता दाह' म्हणेन.

इम्युनोसेनेसन्सला 'प्रतिकारजरा' शब्द छान बसतो, जरा म्हणजे वार्धक्य, पण फलकावर लोक ते 'जराशी' या अर्थाने वाचतील. म्हणून सरळ लिहा, 'वयानुसार प्रतिकारशक्तीचा ताळमेळ बिघडतो.'

आणि खाली जागा उरली तर हे नक्की लिहा, की म्हातारपणी न्यूमोनियातसुद्धा ताप येईलच असं नाही. आमच्या पंचवटीत शेजारच्या आजींनी फक्त जेवण सोडलेलं आणि असंबद्ध बोलत होत्या, थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून घरचे निर्धास्त, छातीचा एक्स-रे काढला तेव्हा कुठे कळलं. 'ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं समजू नका' एवढी ओळ मोठ्या अक्षरात टाका.