वाचकांचे प्रश्न : बाई, आमची टाचणी तरंगतेय!

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वर्गात मुलांना हाताने करून बघायला देण्याबद्दलची होती, म्हणून सगळी एकत्रच घेतेय. मी स्वतः तिसरी-चौथीला शिकवत आलेय त्यामुळे जे लिहितेय त्यातलं निम्मं तरी आधी चुकवून मग शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा तिसरीचा वर्ग, ४२ मुलं. प्रशिक्षणात सांगतात कृतीतून शिकवा. म्हणून तरंगणं-बुडणं घेतलं, तर पाणी सांडलं, दोन गटांत भांडणं झाली आणि शेवटी "काय शिकलात?" विचारलं तर सगळी म्हणाली "मज्जा आली"! पोर्शन मागे पडला तो वेगळाच. ४० मिनिटांच्या तासात हे खरंच जमतं का? (एक शिक्षिका)

जमतं, पण आधी एक सांगा, तुम्ही सामान आधी वाटलंत की सूचना आधी दिल्यात? बहुतेक सामान आधी वाटलं असणार, मीही तेच करायचे. हातात पाण्याचा डबा आल्यावर बाई काय बोलतायत हे ऐकायला कोणीही मोकळं नसतं, आणि त्यात मुलांची काही चूक नाही. त्यामुळे आधी बोलून घ्या, मग चौघांत एक असं सामान द्या, आणि पहिली पाच मिनिटं त्यांना त्याच्याशी नुसतं खेळू द्या. ती पाच मिनिटं वाया जातात असं वाटतं पण ती नाही दिली तर मुलं तो खेळ पुढच्या पस्तीस मिनिटांत तुमच्या नाकावर टिच्चून खेळतातच. डबा अर्धाच भरा, खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि प्रत्येक गटाला एक फडकं. सांडलं की ज्याने सांडलं त्याने पुसायचं, ओरडायचं नाही, विषय संपला.

आता "मज्जा आली"चं. हात लावायच्या आधी मुलांनी अंदाज लिहायला हवा, तोही पेनने आणि खोडायचा नाही. अंदाज लिहिला की मूल त्यात अडकतं, मग पुढे काय होतंय ते बघायला डोळे मोठे होतात. अंदाज नसेल तर ते नुसतं पाण्यात वस्तू टाकणं झालं.

माझ्या वर्गातलं सांगते. मी एक जाडजूड मेणबत्ती आणि एक टाचणी दाखवली, काय बुडेल ते लिहा म्हटलं. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं मेणबत्ती बुडणार, कारण जड आहे. मेणबत्ती तरंगली, टाचणी तळाला गेली, मुलं चक्रावली, मी मनातून खूश की चला, "जड ते बुडतं" हे एकदाचं मोडलं. तेवढ्यात मागच्या गटातून एक मुलगी ओरडली, बाई, आमची टाचणी तरंगतेय! मला वाटलं काहीतरीच काय, जाऊन बघते तर तिने टाचणी दोन बोटांत धरून अगदी अलगद आडवी ठेवली होती आणि ती खरंच पाण्यावर पडून होती, तिच्याभोवतीचं पाणी जरासं खाली दबल्यासारखं, साय दबते ना तसं. आणि मी काय करावं? "अगं नीट टाक" म्हणून बोटाने ढकलून बुडवली. माझ्या फळ्यावरच्या तक्त्यात तरंगणारी टाचणी बसत नव्हती ना!

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिलाच पुढे बोलावून परत करायला लावलं, मग त्या पाण्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला, टाचणी टुपकन बुडाली. पृष्ठताण हा शब्द मी फळ्यावर लिहिलाही नाही. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, हलकी टाचणी तो पेलू शकतो, साबणाने तो ताण कमी होतो एवढंच बोललो आणि मेणबत्ती मात्र याच्यामुळे तरंगत नाही, ती आकारमानाच्या मानाने पाण्यापेक्षा हलकी आहे म्हणून तरंगते, यावर मुलांचा वाद झाला. तो वाद म्हणजे तो धडा, बाकी सगळी तयारी होती.

पोर्शनचं म्हणाल तर प्रत्येक धडा असा घेऊच नका. पाढे पाठ व्हायचे ते पाठ करूनच होतात, त्यात मणी-बिणी आणून उगाच वेळ घालवू नये. जिथे मुलांच्या डोक्यात चुकीची कल्पना पक्की बसलेली असते तिथेच हे वापरा. आठवड्यातून एक तास असा नीट झाला तरी भरपूर.

प्रश्न : दुसरीतली मुलं काड्यांनी वजाबाकी बरोबर करतात पण वहीत ५२ वजा २७ दिलं की ३५ लिहितात. मग काड्यांचा उपयोग काय? (एक शिक्षक)

सर, हे ३५ कुठून आलं बघा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढायचं. काड्यांत असं करताच येत नाही, कारण दोन सुट्या काड्यांतून सात काढणार कुठून, रबरबँड सोडून दहाचा गठ्ठा मोडावाच लागतो. मुलांच्या लेखी काड्या हा एक खेळ आहे आणि वही हा दुसरा, दोघांचा काही संबंध नाही.

तो संबंध लावून द्यायचा. जोड्या करा, एकाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल, आणि नियम एकच, काड्यांवर जे होईल ते त्याच क्षणी वहीत व्हायला हवं. रबरबँड निघाला की लगेच ५ खोडून ४, आणि दोनाच्या जागी १२. लिहिणाऱ्याने घाई केली तर काड्यावाल्याने त्याला थांबवायचं (हे त्यांना फार आवडतं). मग बारातून सात काढले पाच, चार गठ्ठ्यांतून दोन काढले दोन, २५. दुसऱ्या दिवशी कामं बदला. तीन-चार दिवसांनी काड्या ठेवून द्या आणि दशकासाठी उभी रेघ, एककासाठी टिंब काढून तेच करायला सांगा, मग नुसते अंक. जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हाच क्रम मांडला होता, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. आपण बरेचदा मधलं चित्रच गाळतो आणि मग काड्यांना नावं ठेवतो.

प्रश्न : शाळेतून प्रोजेक्ट येतं, ज्वालामुखीचं मॉडेल करा. रात्री अकरापर्यंत आम्ही नवरा-बायको चिकटवत बसतो, लेक झोपलेली असते. यातून ती काय शिकते? (एक वैतागलेली आई)

तुम्ही चिकटवायला शिकलात! आणि खरं सांगू का, ते खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचं मॉडेल मला मुळातच आवडत नाही. त्यात आम्ल आणि सोडा एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, पण खऱ्या ज्वालामुखीत असं काही होत नाही, तिथे वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेले वायू वर येतात. फेस म्हणून मस्त आहे, तो फेस म्हणूनच दाखवावा.

शिक्षकांना मोकळेपणाने विचारा की लेक एकटीने करेल असं काही चालेल का. उन्हात एक काठी उभी रोवायची, दर तासाला सावलीच्या टोकाला खूण करायची आणि लांबी मोजायची. सगळ्यात लहान सावली घड्याळात बरोबर बारालाच पडेल असं नाही, हे तिला स्वतःला सापडलं ना की ती तुमचं डोकं खाईल. तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. कागद चुरगळलेला असेल, आकडे वाकडे असतील, तसाच द्या.

प्रश्न : अपूर्णांक आणि संख्यांसाठी महागडे किट घ्यावेत का?

शाळेकडे पैसे असतील तर घ्या, नसतील तर अडत नाही. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत पट्ट्या प्रसिद्ध आहेत, १ ते १० सेंटीमीटर, प्रत्येक लांबीला आपला रंग. चौकटीच्या वहीची पानं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यातूनही तशा कापता येतात. अपूर्णांकाला तर कागदाची घडीच पुरते. एकाच मापाचे दोन आयताकृती कागद घ्यायचे, एकाने आपला उभा मधोमध दुमडायचा, दुसऱ्याने कर्णावर कापायचा, आणि विचारायचं, दोघांचा अर्धा सारखाच का? बरीच मुलं नाही म्हणतात. लगेच कात्री द्या आणि बाजूला व्हा.

प्रश्न : एक मुलगा गटात कधीच हात लावत नाही, नुसता बघतो.

बघू दे. त्याला नोंदी लिहायचं काम द्या. माझ्या वर्गात असा एक होता, सगळ्यांत नेमकं तोच लिहायचा, आणि दोन महिन्यांनी एक दिवस न सांगता डब्यात हात घातला.