लढाईचे हाउस रूल बदलण्याआधी न कापलेलं रेकॉर्डिंग ऐका

तुमचा प्रश्न मला असा समजला: डीएम (खेळ चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा) धरून सहा जण, एकाच टेबलाभोवती, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं रंगवत फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ ची पुस्तकं) आणि मराठीतून पॉडकास्ट. गावातल्या गप्पा, शोधाशोध रंगते, पण लढाई लागली की तास जातो आणि ऐकणारे गळतात. म्हणून राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) निम्मे आणि सगळ्यांचं डॅमेज (वाराने होणारं नुकसान) दुप्पट, असा हाउस रूल, म्हणजे टेबलाने स्वतःपुरता बदललेला नियम, करायचा विचार आहे.

दुप्पट डॅमेज कृपया करू नका. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगार पात्राकडे) ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (चिवटपणाचा) बोनस एवढेच हिट पॉइंट असतात. साध्या गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) वार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २), म्हणजे पुस्तकातली सरासरी ५. तो दुप्पट झाला की एकाच वारात विझर्ड आडवा. मुख्य म्हणजे तुमचा वेळ तिथे जातच नाहीये.

पाचव्या आवृत्तीत एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न, म्हणजे पाळी) म्हणजे खेळातले ६ सेकंद. चार राउंडची लढाई २४ सेकंदांची. तिचा तास कशात होतो, ते मागच्या लढाईचं न कापलेलं रेकॉर्डिंग ऐकूनच कळेल. जिथे कुणी काही ठरवत नाहीये आणि काही घडतही नाहीये, तिथे तिथे खूण करा. बहुतेक टेबलांवर त्याच जागा निघतात: इनिशिएटिव्हची (आधी कोण खेळणार ते ठरवणाऱ्या फाशाची) बेरीज, ‘आता कोणाची टर्न?’, स्पेलचं (मंत्राचं) वर्णन शोधणं, आणि निकाल लागून गेल्यावरही उरलेल्या दोन गॉब्लिनना मारत बसणं. नियम बदलायचा तो या खुणांसाठी.

इनिशिएटिव्हसाठी सगळे शत्रू एका बाजूला, सगळे खेळाडू दुसऱ्या बाजूला असा पर्यायी नियम आहे. वेगवान आहे, पण कुणी अलर्ट फीट (पात्राची जादा खुबी) घेतलं असेल तर त्याचं इनिशिएटिव्हचं +५ जवळपास वाया जातं. मी मूळ क्रमच ठेवते. एकसारख्या राक्षसांसाठी एकच फासा टाकायचा हे तर पुस्तकातच आहे, आणि तोही सत्राआधी टाकून ठेवता येतो. टर्न संपली की डीएमने दोन पात्रांची नावं घ्यायची: ‘आता बार्ड, तयारीत क्लेरिक.’ क्लेरिक पुस्तक उघडतो, आणि ऐकणाऱ्याला पुढचा आवाज कुणाचा ते आधीच कळतं. राक्षसांच्या डॅमेजचे फासे टाकूच नका, स्टॅट ब्लॉकमध्ये (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) सरासरी छापलेली असते. खेळाडूंनी हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकदमच टाकावा.

मला सगळ्यात मोलाचा वाटणारा बदल पुढचा आहे. शत्रूचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) लपवू नका. गॉब्लिनचा १५ आहे आणि फायटरचा (योद्ध्याचा) हल्ल्याचा बोनस +५, तर वीस बाजूंचा फासा टाकण्याआधी फायटरने मोठ्याने म्हणायचं, ‘१० हवेत.’ ऐकणाऱ्याला तुमचं टेबल दिसत नाही. किती हवेत ते आधी माहीत असेल तरच फासा घरंगळतानाचा तो क्षण त्याच्यासाठी ताणलेला असतो. एडिट करताना बाकीची शांतता खुशाल कापा, पण ही एक सोडा.

उरलेल्या गॉब्लिनसाठी मोराल (शत्रूच्या धीराचा आकडा) वापरा. डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक संचातला नियम आजही उत्तम चालतो: त्या बाजूचा पहिला मेला की आणि निम्मे पडले की २डी६ टाकायचे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर शत्रू माघार घेतो. तिथे गॉब्लिनचं मोराल ७ आहे, म्हणजे दर वेळी साधारण ४२ टक्के शक्यता. पळणारा शत्रू पुढच्या भागाला कथाही देतो. त्याला पकडायचं, सोडायचं की त्याच्याशी बोलायचं, हा वाद ऐकायला फार छान असतो.

पोशन (जखमा भरणारं औषध) पिणं टर्नमधली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन करा. २०२४ च्या पुस्तकाने तेच अधिकृत केलं आहे. मात्र १ पडला की तलवार हातातून निसटते, हा लोकप्रिय नियम टाळा. पाचव्या लेव्हलचा फायटर दोनदा हल्ला करतो, त्यामुळे दर टर्नला किमान एक १ पडण्याची शक्यता ९.७५ टक्के. विसाव्या लेव्हलला चार हल्ले, म्हणजे साडेअठरा टक्के. जितका कसलेला योद्धा तितका जास्त धांदरट, हे त्या पात्रावर अन्यायाचं आहे.

आता आवाज. लढाईत सगळे एकदम ओरडतात, म्हणून प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा हवाच. एका खोलीत खोलीतला बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक बरे, तोंडापासून चार बोटांवर. दोन माइकमधलं अंतर माइक-तोंड अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. माइक टेबलावर उभे करू नका, आर्मवर लावा. नाहीतर कोपर टेकलं तरी धप्प आवाज येतो. फासे जाड कापड लावलेल्या ट्रेमध्ये टाका, आवाज यावा पण खडखडाट नको. २४ बिटला रेकॉर्ड करा आणि नेहमीच्या बोलण्याची शिखरं −१२ डीबीच्या आसपास ठेवा, म्हणजे क्रिटिकलची (फाशावर २० पडल्याची) आरोळी फाटणार नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज घ्या, नॉइज काढायला आणि सांधे बुजवायला लागतो. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये त्रास होतो, म्हणून आम्ही सकाळी लवकर बसतो. ऑनलाइन खेळलात तर डिस्कॉर्डवरचा क्रेग बॉट प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा देतो. हेडफोन मात्र सगळ्यांना सक्तीचे.

मोहीम मध्यावर असताना नियम बदलायला हरकत नाही. क्रिटिकल रोल या डी अँड डी खेळण्याच्या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या मंडळींनी तर २०१५ मध्ये स्ट्रीम सुरू करताना पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात चाललेली घरची मोहीमच पाचव्या आवृत्तीत आणली. फक्त आधी एक लढाई रेकॉर्ड न करता नव्या नियमांनी खेळा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्या पात्राचं काही हिरावलं गेलं का. ‘रोग’ (rogue, चोरट्या वर्गाचं पात्र) खेळणाऱ्याला आवर्जून विचारा, त्याचं पात्र असॅसिन (मारेकरी प्रकारचं) असेल तर त्याची अर्धी ताकद शत्रूच्या आधी टर्न मिळण्यात असते. ठरलेले नियम पुढच्या भागाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत ऐकणाऱ्यांनाही सांगा.