एवढं सोलर लागतंय, मग भारत कोळसा बंद का करत नाही?

कारण आपल्याला सूर्य मावळल्यावरही भरपूर वीज लागते. दुपारी राजस्थान-गुजरातमध्ये सौर वीज एवढी तयार होते की कधीकधी ती घ्यायला कोणी नसतं. सात वाजले की तीच शून्यावर येते आणि नेमके तेव्हा घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात.

२०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-वायू सोडून सौर, पवन, जल, अणू असा झाला, अशी बातमी तुम्ही वाचली असेल. खरी आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. २०२४-२५ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती. शिवाय कोळशावरचे औष्णिक संच दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच पेटवता येत नाहीत, म्हणून ते कमी भारावर चालू ठेवावे लागतात.

उपाय साठवणुकीचा. बॅटऱ्या आहेतच, पण मला उदंचन जास्त भरवशाचं वाटतं: वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. आपल्याकडे महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. यात वीस-पंचवीस टक्के वीज वाया जाते, हे मात्र धरून चाला.

वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचं दुखणं वेगळंच. सोलर पार्क दीड-दोन वर्षांत उभं राहतं, उच्चदाब वाहिनीला त्याहून जास्त वेळ लागतो. राजस्थानात तर माळढोक हा दुर्मीळ पक्षी तारांना धडकून मरतो म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दुपारची जास्तीची सौर वीज वापरायची तर शेतीपंपांना दिवसा वीज देणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. रात्री साप-विंचवांच्या भीतीत पाणी द्यायला जाणंही वाचतं.