लाकडाचा बॉयलर, गरम फरशी आणि मधलं विसण

प्रश्न: आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो. तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये पेक्सचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप टाकून घेतलेत, आता लाकडावरचा बॉयलर जोडायचाय. त्याचं पाणी 180 फॅरनहाइट म्हणजे 82 सेल्सिअसपर्यंत जातं आणि फरशीला 40 पुरतं म्हणतात, मग बॉयलरच 45 वर ठेवून थेट फरशीला जोडला तर? गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सिंग व्हॉल्व्हचा खर्च वाचेल.

उत्तर: नाही हो, हे अजिबात करू नका. लाकूड थंड बॉयलरमध्ये जळलं की धुरातली वाफ आतल्या पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि डांबरासारखं क्रिओसोट धुराड्यात चिकटतं, मग पत्रा गंजतो आणि धुराड्यात आग लागायची भीती असते ती वेगळीच. म्हणून बॉयलर 70 ते 85 ला चालू द्या आणि त्यात परत येणारं पाणी 60 च्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी रिटर्नवर, म्हणजे परतीच्या पाइपवर, वेगळा लोडिंग व्हॉल्व्ह लागतो, तो परतीच्या पाण्यात बॉयलरचंच गरम पाणी मिसळतो.

फरशीचं उलटं आहे. काँक्रीटला 35 ते 45 अंशांचं पाणी पुरे, आणि जिथे वावर असतो तिथे फरशीचा पृष्ठभाग 29 च्या वर नको, वर लाकडी फ्लोअरिंग असेल तर 27 च धरा. पेक्स 82 अंश सोसतो म्हणून काही जण निर्धास्त असतात पण पाइप टिकला तरी काँक्रीट तडकतं, लाकडाच्या फटी उघडतात आणि पाय भाजतात ते वेगळं.

मग मधे विसण घालायचं, आपल्या बंबातल्या कढत पाण्यात घालतो तसंच. फरशीतून 30 ने परत आलेलं चार भाग पाणी आणि बॉयलरचं 80 चं एक भाग, झालं 40. हेच काम मिक्सिंग व्हॉल्व्ह करतो. तो अडकला तर काय म्हणून पुढे लिमिट थर्मोस्टॅट लावा, 50 च्या वर गेलं की फरशीचा पंप बंद. पेक्स ऑक्सिजन बॅरियरवालाच, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारा थर असलेलाच, आहे ना तेही बघा, नाहीतर बॉयलरचं लोखंड आतून गंजेल.

आता मला खरी काळजी वाटते ती लाइट जाण्याची. गॅसचा बॉयलर लगेच बंद होतो, पेटलेलं लाकूड होत नाही, पंप थांबला की बॉयलरमधलं पाणी उकळायला लागतं. बॉयलरच्या वरच्या पातळीला एकदोन रेडिएटर असे जोडून घ्या की लाइट गेल्यावर व्हॉल्व्ह आपोआप उघडेल आणि पाणी पंपाशिवाय फिरेल. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच कधीच मारू नका, गळतोय म्हणूनसुद्धा नाही, गळत असेल तर नवीन बसवा.